स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेट आणि एक पावसाळा: नेरूळच्या एका सायकलचं प्रकरण

प्रकरण आहे नेरूळच्या एका मित्राच्या रोड बाईकचं. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क, डिस्क ब्रेक, आधी त्यावर शिमानोचा ११ स्पीडचा मेकॅनिकल, म्हणजे केबलवर चालणारा, १०५ ग्रुपसेट होता. ग्रुपसेट म्हणजे गिअर बदलणारे भाग आणि ब्रेक यांचा संच. तो उतरवून त्याने एका चिनी कंपनीचा वायरलेस इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेट चढवला, चाळीसेक हजारात पडला, म्हणजे शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक १०५ डीआय२ च्या किमतीच्या निम्म्याच्याही आत. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, आणि क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, जुनेच ठेवले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच कंपनीला धरून बोलण्यात अर्थ नाही, या किमतीत जे जे सेट मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांना हे लागू पडेल.

मी स्वतः रबाळे एमआयडीसीत पॅनल आणि सेन्सरच्या मेंटेनन्सला आहे, सायकलचं काम आवड म्हणून करतो, त्यामुळे आमच्या सायकलिंग ग्रुपमधे कोणाचा गिअर अडला की सायकल माझ्याकडे येते. ही पण तशीच आली, आणि येताना तीन तक्रारी घेऊन आली. एक, चढावर मोठ्या कॉगवर, म्हणजे कॅसेटच्या मोठ्या चकतीवर जाताना मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आपण आरडी म्हणतो तो, अर्ध्यात थांबतो, कधी हलतच नाही. दोन, डावा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा भाग, मधूनच मेल्यासारखा, बटण दाबलं तरी काही नाही, मग आपोआप जिवंत. तीन, मधल्या गिअरमधे चेन सतत कुरकुर करते, कितीही ट्रिम करा, म्हणजे आरडीची जागा बारीक सरकवा.

सुरुवातीचे काही महिने सेट मस्त चालला होता हे आधी सांगायला हवं. पाम बीचवर बेलापूरपर्यंत जाऊन यायचं, सुट्टीच्या दिवशी खारघर हिल किंवा ऐरोली पुलावरून ठाण्याला जाऊन येऊरचा चढ, असं त्याचं रायडिंग, आणि तो नुसता खूष होता. केबल नाही, केबल ताणली जायचा प्रश्न नाही, बटण दाबलं की झर्रकन गिअर. मग जुलै लागला आणि सगळं बिघडायला लागलं. त्याने फर्मवेअर अपडेट केलं, पेअरिंग काढून परत केलं, ॲपमधून सगळं रिसेट मारलं, एका दुकानात नेली तर ते म्हणाले आम्ही या कंपनीचं काम घेत नाही, दुसरीकडे सांगितलं काढून टाका, परत शिमानो लावा. ग्रुपवर तर काय, चायना माल म्हणून सगळ्यांनी निकालच लावला. मला हे पटत नव्हतं. तीन वेगवेगळी लक्षणं दिसतायत तर कारण एकच असेल असं आधीच कशाला धरून चालायचं, आणि एवढे पैसे घातलेला माणूस आहे, त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

पहिल्यांदा हँगर बघितला, कारण तो बघायला बॅटरी लागत नाही. फ्रेमला मागे उजवीकडे जी छोटी पट्टी असते, जिच्यावर आरडी लटकतो, तो हँगर. तो जाणूनबुजून नरम बनवलेला असतो, म्हणजे मार बसला तर हा वाकावा, फ्रेम वाचावी. आरडी काढून हँगर गेज लावला, चाक फिरवत वर, खाली, पुढे, मागे रिमपासूनचं अंतर मोजलं. फरक साधारण ४ मिमीच्या आत असला तर चालतं, इथे वर आणि खाली यात जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक निघाला, खालची बाजू आत गेलेली. विचारलं तर तो म्हणाला, दादा, माळशेजला गाडीतून नेली होती तेव्हा उजव्या बाजूवर आडवी ठेवली होती, वर बॅगा होत्या. बस, तिथेच झालं असणार.

आता यातला खरा मुद्दा असा की हे इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. मेकॅनिकल सेटमधे हँगर एवढा वाकला तर बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण बदलायचा स्क्रू, फिरवून खालचे गिअर नीट करा, वरचे बिघडतात, वरचे करा, खालचे बिघडतात, आणि कुठलाही जुना मेकॅनिक दोन मिनिटांत म्हणतो हँगर बघा. या सेटच्या ॲपमधे प्रत्येक गिअरची जागा वेगळी सेट करता येते, आणि जाहिरातीत हाच मोठा फायदा म्हणून सांगतात. ११ स्पीडला दोन कॉगमधलं अंतर पावणेचार मिलीमीटरच्या आसपास असतं, त्यात पाव-अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झालं की आवाज येतो, म्हणून त्याने प्रत्येक गिअरला एकेक आकडा देत देत वाकलेला हँगर ॲपमधून झाकून टाकला होता. मी ते आकडे बघितले, छोट्या कॉगना जवळजवळ शून्य, आणि मोठ्याकडे जावं तसे एकाच दिशेला वाढत गेलेले. आकडे असे चढत गेले की सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी हँगर मोजायचा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. आणि ही नुसती आवाजाची गोष्ट नाहीये. हँगर आत वाकलेला असताना सगळ्यात मोठ्या कॉगवर आरडीचा पिंजरा, म्हणजे चेन ज्यातून जाते ती खालची चौकट, स्पोकच्या अगदी जवळ जातो, येऊर उतरताना किंवा चढताना तो स्पोकमधे गेला तर आरडी, चाक आणि फ्रेम तिन्ही जातात, माणूस पडतो ते वेगळंच. त्याच्या पिंजऱ्याच्या आतल्या कडेला स्पोक घासल्याचा बारीक चकचकीत ओरखडा दिसत होता. तो बघून मला खरंच धस्स झालं.

हँगर सरळ केला, लिमिट स्क्रू, म्हणजे आरडीने दोन्ही टोकांना कुठवर जायचं ते अडवणारे स्क्रू, नव्याने लावले, ॲपमधले सगळे आकडे शून्यावर आणून परत इंडेक्सिंग केलं, म्हणजे प्रत्येक गिअरची जागा जुळवली. कुरकुर गेली. म्हणजे तिसरी तक्रार इलेक्ट्रॉनिक नव्हतीच.

डाव्या शिफ्टरचं कारण तर अजूनच साधं निघालं. त्यात सीआर २०३२ बटन सेल लागतो, नावातच माप आहे, २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी, कुठल्याही मेडिकलमधे मिळतो. त्याने सीवूड्सच्या मेडिकलमधून चांगल्या ब्रँडचा नवा सेल आणून टाकला होता आणि तक्रार बरोबर त्याच्यानंतर सुरू झाली. सेल मोजला तर तीन व्होल्टच्या वर, एकदम ताजा. मग पाठीवर बघितलं तर मायनस बाजूला फिकट कडं, म्हणजे कडू थर. लहान मुलं सेल गिळू नयेत म्हणून काही कंपन्या सेलवर अतिशय कडू पदार्थ लावतात. चांगली गोष्ट आहे, कारण बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं, घरात लहान मूल असेल तर जुने सेल कृपा करून ड्रॉवरमधे पडू देऊ नका. पण हा थर वीज नीट जाऊ देत नाही, आणि शिफ्टरमधला स्प्रिंगचा काटा नेमका त्याच कड्यावर टेकत होता. ॲपलने सुद्धा एअरटॅगबद्दल लिहून ठेवलंय की असे कडू थराचे सेल चालतीलच असं नाही. खड्ड्यात हादरा बसला की काटा जरा सरकतो, मग शिफ्टर चालतो किंवा बंद पडतो. साधा बिनथराचा सेल टाकला, शिफ्टर ठीक झाला. यात सेटला दोष द्यायचा तर एवढाच की काटा सेलच्या मधोमध टेकला असता तर हा प्रश्नच आला नसता.

राहिला आरडी. इथे मात्र सेट दोषी निघाला आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

घरात स्टँडवर लावला की आरडी व्यवस्थित चालायचा, वरखाली कितीही वेळा करा. बॅटरी फुल, दिवा हिरवा. पण पहाटे बाहेर काढली की रुसायचा, सायकल धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. आमच्या कामात असा नमुना दिसला की मी कनेक्टरकडे बघतो, कारण मोटर किंवा सर्किट खराब असेल तर ते सहसा हवामान बघून खराब होत नाही. बॅटरी काढली. आरडीच्या अंगावर दोन स्प्रिंगच्या पिना आहेत, बॅटरी त्यावर टेकते, भोवती पातळ रबराचा गॅस्केट. एक पिन पिवळी, स्वच्छ. दुसरीच्या बुडाशी हिरवट काळी बुरशी चढल्यासारखा थर, वरचा सोन्याचा मुलामा एका बाजूने गेलेला. गॅस्केट एका कोपऱ्यात दबून चपटा झाला होता आणि त्याच्या आत, जिथे पाणी जायलाच नको, तिथे सुकलेल्या चिखलाची केसाएवढी रेष.

संशय आणि पुरावा यात फरक आहे म्हणून पिन साफ करायच्या आधी मोजलं. पातळ वायरचे दोन तुकडे पिनांच्या बुडाशी सरकवून मीटर लावला, मीटर कमीत कमी आकडा पकडून ठेवतो त्या मोडवर टाकला, पॅडलवर हाताने जोर देत मोठ्या कॉगवर शिफ्ट मारली. बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज जवळजवळ तेवढंच, आरडीच्या बाजूला मात्र शिफ्टच्या क्षणी एक व्होल्टपेक्षा जास्त खाली. हिशोब शाळेतलाच आहे, पिनेवर एक ओहमचा अडथळा असेल आणि मोटरने एक अँपिअर मागितला तर एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. उभ्या सायकलवर मोटरला फार जोर लागत नाही म्हणून ते लपून राहतं, खारघरच्या चढावर चेन ताणलेली असताना मोटर जास्त करंट मागते, व्होल्टेज पडतं, आतला कंट्रोलर मधेच बंद होऊन परत चालू होतो आणि शिफ्ट अर्धी राहते. दिव्याला लागतो नखभर करंट, त्यामुळे दिवा हिरवाच. ॲप पण म्हणणार बॅटरी ९० टक्के.

पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने साफ केल्या, परत तसंच मोजलं, पडझड जवळजवळ गायब. दुसऱ्या दिवशी पहाटे खारघर हिलवर सगळे गिअर आले.

आता पाणी आत गेलं कसं. बॉक्सवर आयपी६७, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, लिहिलेलं आहे आणि मित्राचा समज असा की म्हणजे वॉटरप्रूफ. त्यातला ७ सांगतो की वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तर आत नुकसान होईल इतकं पाणी जाणार नाही. ते स्थिर, गोडं पाणी असतं आणि वस्तू नवी कोरी असते. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, त्याचे आकडे ५ आणि ६, आणि ७ आहे म्हणजे ५, ६ आपोआप आले असं अजिबात नाही. हा गडी पावसात राइड झाली की जुईनगरच्या बाजूला एका गाड्या धुण्याच्या सेंटरवर सायकल न्यायचा आणि प्रेशर वॉशरने चिखल उडवून घ्यायचा. चेनवर, कॅसेटवर, आरडीवर, सगळीकडे. त्या जोरात पाणी गॅस्केटखाली शिरतं आणि मग बाहेर यायला वाटच नाही.

आणि आपल्याकडचं हवामान त्यात भर घालतं. पाम बीचला एका बाजूला खाडी आणि खारफुटी, वारा तिकडून येतो, पावसाळ्यात दमटपणा नव्वदीच्या घरात असणं काही नवीन नाही. आमच्या कंपनीत खाडीकडच्या बाजूचे कनेक्टर आतल्यांपेक्षा लवकर खराब होतात हे मी रोज बघतो. पिनांवर बॅटरी लावलेली असली की चोवीस तास व्होल्टेज असतं, त्यात ओलावा आणि मीठ आलं की इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेमुळे धातू खाल्ला जाणं, चालू, सायकल नुसती घरात उभी असली तरी. वर मुलामा पातळ असेल तर त्याच्यातल्या बारीक छिद्रांतून खालचा तांब्याचा धातू गंजायला लागतो, हिरवा रंग त्याचाच. महागड्या सेटमधे हे होतच नाही असं कोणी म्हणू नये, पण तिथे मुलामा आणि सील यावर जास्त खर्च केलेला असतो, स्रॅम ही दुसरी मोठी कंपनी तर आपल्या एएक्सएस या वायरलेस सेटसाठी जोराच्या फवाऱ्यालाही टिकणारं आयपी६९के सांगते.

पाण्याने इलेक्ट्रॉनिक गिअरला त्रास देणं ही जुनीच गोष्ट आहे. मॅव्हिक या कंपनीने नव्वदच्या दशकात झॅप आणि मग १९९९ मधे मेक्ट्रॉनिक काढला, दोन्ही काळाच्या पुढचे होते पण भरवशाचे म्हणून त्यांचं नाव झालं नाही. २००९ ला शिमानोचा ड्युरा-एस डीआय२ आला तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसायला लागला, २०१५ ला स्रॅमचा वायरलेस रेड ईटॅप, २०२१ ला स्रॅमचाच रायव्हल, २०२२ ला शिमानोचा १०५ डीआय२. म्हणजे एवढी वर्षं चुका सुधारून ते इथपर्यंत आलेत आणि तरी २०२४ मधे अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी डीआय२ चा वायरलेस सिग्नल रेकॉर्ड करून परत सोडून बाहेरून गिअर बदलून दाखवले. शिमानोने त्यांच्याबरोबर काम करून फर्मवेअर अपडेट दिलं. चूक मोठ्या कंपनीकडूनही होते, पण तिथे ती ऐकून घेणारं आणि दुरुस्त करणारं कोणीतरी बसलेलं आहे.

आमच्या प्रकरणात तेच नव्हतं. मित्राने विक्रेत्याला लिहिलं, त्यांनी व्हिडिओ मागितला, तो पाठवला, मग उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली. गॅस्केट वेगळा मिळतो का विचारलं तर नाही. पिनांचा भाग मिळतो का, नाही. पूर्ण आरडी एकटा मिळतो का, सध्या स्टॉक नाही, सेट घ्या. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी चाळीस हजारांचा सेट, त्यावर कुरिअर आणि कस्टम वेगळं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हे लागलं. मोटर चांगली आहे, शिफ्टिंगचा वेग चांगला आहे, शिफ्टरची पकड तर मला त्याच्या जुन्या १०५ इतकीच आवडली, ब्रेक नीट आहेत. निम्म्या किमतीत जे मिळालं नाही ते म्हणजे सुटे भाग आणि ते बसवून देणारा माणूस.

म्हणून कोणी विचारलं की असा सेट घेऊ का, तर मी आता वजन किंवा स्पीड विचारत नाही. आरडी एकटा विकत मिळतो का ते आधी बघा, आज स्टॉकमधे आहे का ते बघा, वेबसाइटवर नुसता फोटो असून भागत नाही. पुढची आणि मागची बॅटरी एकमेकींच्या जागी बसतात का बघा, स्रॅममधे बसतात, त्यामुळे मागची संपली तर पुढची काढून मागे लावून घरी येता येतं. बॅटरी संपत आली की काय होतं ते बघा, डीआय२ मधे आधी पुढचा डिरेल्युअर बंद पडतो आणि मागचा अजून थोडा वेळ चालतो, ही मुद्दाम केलेली सोय आहे. आणि फर्मवेअर अपडेट केल्यावर ट्रिमचे आकडे राहतात की पुसले जातात, हे कोणीच विचारत नाही, याच्या सेटमधे पुसले गेले होते, राइडच्या आदल्या रात्री. ज्याचं रायडिंग पाम बीच आणि खारघरपुरतं आहे, काही झालं तर रिक्षात टाकून घरी येता येतं, त्याने घ्यावा, मला काही गैर वाटत नाही. ज्याला बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करायच्या आहेत त्याने दहादा विचार करावा. ३०० किलोमीटरला २० तास मिळतात, म्हणजे रात्र रस्त्यावर जाणारच, आणि कसाऱ्याच्या पुढे रात्री दोन वाजता गिअर सगळ्यात छोट्या कॉगवर अडकला तर घाट कसा चढणार. मेकॅनिकलची केबल तुटली तरी लिमिट स्क्रू आत फिरवून चेन जरा बऱ्या कॉगवर आणता येते, तेवढ्यावर माणूस निभावतो.

मित्राला ३०० करायचीच आहे, त्यामुळे सेट ठेवायचा की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. गॅस्केटचं काम तुर्भ्याच्या एका हायड्रॉलिक सीलच्या दुकानात झालं, दीड मिलीमीटरची नायट्राइल कॉर्ड घेतली, मापाने कापून चिकटवली, खाचेत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. प्रेशर वॉशर कायमचा बंद, आता बादली, पाण्याचा मग आणि कापड. ओली राइड झाली की घरी येऊन बॅटऱ्या काढायच्या, पिना कोरड्या पुसायच्या, बॅटऱ्या रात्रभर बाहेर, इलेक्ट्रोलिसिसला रात्रीचं व्होल्टेजच मिळू द्यायचं नाही. पुण्याच्या एकाने हाच सेट वैतागून काढला होता, त्याच्याकडून नुसता आरडी मिळाला, तो आता सॅडल बॅगेत असतो, आणि रस्त्याच्या कडेला अंधारात पेअरिंग करता यावं म्हणून त्याने घरी दिवा बंद करून सराव केला, त्या दिवशी वहिनींनी मला विचारलं की भाऊजी, हे काय चाललंय.

मुलामा गेलेली पिन मात्र परत गंजणार, ते मी त्याला स्पष्ट सांगितलंय. माझं म्हणणं आहे जूनच्या आधी मेकॅनिकल १०५ परत चढवू, त्याचं म्हणणं जास्तीचा आरडी आहे ना दादा, बघू. शेवटी ठरलं ते असं: दर रविवारी राइडनंतर पिनेचा जवळून फोटो मला पाठवायचा, महिन्यातून एकदा मीटर लावून शिफ्टच्या वेळची पडझड मोजायची, आणि ती परत अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की वाद न घालता हा सेट उतरवायचा. जुने शिफ्टर, केबल आणि आरडी त्याच्या माळ्यावर आहेत, ब्रेक ऑइल मी आणून ठेवलंय.